काटा लालला टेकण्याआधी: टाकी कधी भरायची आणि गाडी बंद पडलीच तर काय करायचं

पाच वर्षांपूर्वी, पावसाळ्यातल्या एका रात्री, ताम्हिणी घाट उतरताना माझी गाडी बंद पडली. गाडीत आई-बाबा, बायको आणि चार वर्षांची मुलगी. दुसऱ्या दिवशी माणगावला लग्न होतं. पुण्यातून निघायला उशीर झालेला, पंपावर रांग दिसली म्हणून "पुढे कुठेतरी भरू" म्हणत मी गाडी तशीच दामटली. पौड मागे पडल्यावर पंप विरळ होतात हे मला ठाऊक होतं, तरीही. ताम्हिणी गावाच्या अलीकडे पेट्रोल कमी असल्याचा दिवा लागला. समोरच्या स्क्रीनवर अजून ६० किलोमीटर जाता येईल असा आकडा होता आणि मी त्या आकड्यावर विसंबलो.

घाटाच्या उताराला गाडीने दोन झटके दिले. मी सवयीने क्लच दाबला आणि इंजिन थांबलं. पुढच्याच क्षणी स्टिअरिंग जड झालं. पहिल्यांदा ब्रेक लागला, दुसऱ्यांदा कमी लागला, तिसऱ्यांदा पेडल दगडासारखं कडक. समोर वळण, पाऊस, धुकं. हँडब्रेक ओढत गाडी कशीबशी डोंगराच्या बाजूला टेकवली. कुणाला काही झालं नाही. विळ्याकडून वर येणाऱ्या एका टेम्पोवाल्या दादांनी खाली जाऊन डब्यातून पेट्रोल आणून दिलं आणि पेट्रोलच्या पैशांशिवाय एक रुपया जास्त घेतला नाही.

नंतर मेकॅनिकने जे सांगितलं ते माझ्या डोक्यात कायमचं बसलं. "साहेब, टाकीत अजून दीड-दोन लिटर असणार. पण उताराला ते पुढे सरकलं, टाकीच्या आत इंजिनकडे पेट्रोल ढकलणारा पंप असतो त्याला मिळालंच नाही." म्हणजे पेट्रोल संपलेलं नसतानाही गाडी बंद पडू शकते, आणि नेमकी सर्वांत वाईट जागी. पेट्रोल संपणं म्हणजे फक्त वेळेचा खोळंबा, असं आपण धरून चालतो. तसं नाही. चालत्या गाडीचं इंजिन बंद पडणं हा ब्रेक आणि स्टिअरिंगचा प्रश्न आहे, म्हणून हा लेख एवढा सविस्तर लिहितोय.

दिवा आणि काटा नेमकं काय सांगतात

टाकीच्या आत एका दांडीला तरंगणारा फ्लोट असतो. पातळी खाली गेली की फ्लोट खाली जातो, दांडी फिरते, आणि तिच्या स्थितीवरून काटा हलतो. घरच्या पाण्याच्या टाकीतल्या बॉलकॉकसारखंच. त्यामुळे गाडी चढावर, उतारावर किंवा एका बाजूला कललेली असेल तर टाकीतलं इंधन एका कोपऱ्यात जमा होतं आणि काटा खोटं बोलतो. घाटात दिवा लागतो, विझतो, पुन्हा लागतो, तो यामुळेच. काटा बघायचा तर सपाट रस्त्यावर, गाडी मिनिटभर स्थिर असताना बघावा.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. काटा पूर्ण टाकीभर सारख्या वेगाने खाली येत नाही. टाकीचा आकार सरळ चौकोनी नसतो. मागच्या सीटखाली, सायलेन्सरच्या पाइपाला जागा देत ती वेडीवाकडी बसवलेली असते. बऱ्याच गाड्यांत फुल्लपासून अर्ध्यापर्यंत काटा रेंगाळतो आणि अर्ध्यानंतर भराभर उतरतो. तुमच्या गाडीचा काटा कसा वागतो हे फक्त तुम्हालाच कळू शकतं.

स्क्रीनवरचा "अजून इतके किलोमीटर" हा आकडा हे मोजमाप नव्हे, अंदाज आहे. गेल्या काही किलोमीटरांत गाडीने किती सरासरी दिली, म्हणजे लिटरमागे किती किलोमीटर गेली, त्यावरून तो काढलेला असतो. तुम्ही हायवेवरून सपाट रस्त्याने आलात तर आकडा फुगलेला दिसतो. पुढे चढ लागला, ट्रॅफिक लागलं, एसी वाढवला की तोच आकडा बघता बघता निम्म्यावर येतो. माझा ६० चा आकडा मुळशीच्या सपाटीवरचा होता.

दिवा लागतो तेव्हा साधारणपणे टाकीचा दहावा ते सातवा हिस्सा उरलेला असतो. छोट्या कारमध्ये हे चार-पाच लिटर, स्कूटरमध्ये जेमतेम लिटरभर. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो किंवा नसतोही. म्हणून स्वतः मोजणं उत्तम.

आपल्या गाडीचा हिशेब स्वतः मांडा

याला वेगळा खर्च नाही, फक्त एक महिना लक्ष द्यायचं आहे.

आधी टाकीची क्षमता माहीत करून घ्या. स्विफ्टची ३७ लिटर, वॅगनआरची ३२, क्रेटाची ५०, अ‍ॅक्टिव्हाची ५.३, स्प्लेंडरची ९.८. तुमची वेगळी असेल तर मॅन्युअलमध्ये बघा.

मग सपाट जागेवरच्या पंपावर टाकी फुल्ल करा. फुल्ल म्हणजे नोझल पहिल्यांदा आपोआप "टक्" करून थांबेपर्यंत. तिथेच ट्रिप मीटर शून्य करा. त्यानंतर रोजच्यासारखी गाडी चालवा आणि दिवा ज्या किलोमीटरला कायमचा लागेल तो आकडा मोबाईलमध्ये टिपून ठेवा. कायमचा म्हणजे चढ-उताराला उघडझाप करणारा नव्हे, सपाटीवरही लागून राहणारा. आता लगेच जवळच्या, शक्यतो त्याच पंपावर जा आणि पुन्हा पहिल्या "टक्"पर्यंत भरा. किती लिटर बसलं ते बघा.

समजा ३७ लिटरची टाकी आहे, दिवा ५०४ किलोमीटरला लागला आणि ३१.५ लिटर बसलं. म्हणजे सरासरी १६ ची आणि दिवा लागताना टाकीत साधारण ५.५ लिटर शिल्लक. यातलं शेवटचं दीड लिटर नाहीच असं समजा. ते तळाशी राहतं, चढ-उताराला पंपाला मिळेल याची खात्री नाही. उरलं चार लिटर. सपाट रस्त्यावर ६४ किलोमीटर. पण घाटात हीच गाडी ११ ची सरासरी देत असेल तर ४४ च. आणि तुंबलेल्या ट्रॅफिकमध्ये किलोमीटरचा हिशेबच कोलमडतो, कारण उभ्या गाडीचं इंजिन एसीसकट तासाला सुमारे लिटरभर पेट्रोल पिऊ शकतं.

हे एकदा करून थांबू नका. तीनदा करा आणि सर्वांत वाईट आकडा आपला माना. इथेनॉल मिसळलेलं ई-२० पेट्रोल आता सगळीकडे मिळतं. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी ऊर्जा असते, त्यामुळे सरासरीत थोडी घट येतेच. दोन-तीन वर्षांपूर्वीचे आकडे तुमच्या डोक्यात असतील तर ते पुसून टाका.

मग भरायचं कधी

गावात, शहरात, रोजच्या वापराला: पाव टाकी राहिली की भरायचं. पाव हे आपलं शून्य. त्याखाली काटा गेला तर तो अपवाद असावा, सवय नव्हे.

लांबच्या प्रवासाला: निघताना फुल्ल आणि रस्त्यात अर्ध्यावर आलं की पंप शोधायला सुरुवात. अर्ध्यावर शोधायला लागलं की पाव टाकीच्या आत पंप मिळतोच, आणि मिळाला नाही तरी हातात शंभर-सव्वाशे किलोमीटर असतात.

घाट, जंगल, कोकणातला आतला रस्ता: डोंगर चढण्याआधी पायथ्याच्या गावात टाकी भरायची, मग अर्धी असली तरी. ताम्हिणी असो, वरंध असो की आंबोली, आधी पंप, मग घाट. आतल्या भागात पंप असला तरी रात्री आठ-नऊला बंद होऊ शकतो, लाइट गेलेली असू शकते, किंवा "पेट्रोल संपलंय, उद्या टँकर येईल" अशी पाटी असू शकते. नकाशात दिसणारा पंप म्हणजे चालू पंप, असं गृहीत धरू नका.

समृद्धी महामार्गाबद्दल जरा थांबून सांगायला हवं. नागपूर ते मुंबईजवळचं आमणे असा ७०१ किलोमीटरचा हा रस्ता. शेवटचा इगतपुरी ते आमणे टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला. कारला वेगमर्यादा १२०. जुन्या हायवेवर दर दहा-पंधरा किलोमीटरला एखादा पंप, ढाबा, पंक्चरवाला दिसायचा. इथे तसं नाही. रस्ता दोन्ही बाजूंनी बंद आहे, पंप मोजक्या ठिकाणी आहेत, आणि गावात जायचं तर इंटरचेंजवरून उतरून, टोल देऊन बाहेर पडून परत यावं लागतं. त्यात वेग. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० ऐवजी १२० ने गेलात तर तो सव्वादोन पट होतो. माझी जी गाडी ८०-९० ला १८ ची सरासरी देते ती १२० ला १३-१४ वर येते. म्हणजे घरी मांडलेला हिशेब इथे चालत नाही. समृद्धीवर चढण्याआधी टाकी फुल्ल करा आणि रस्त्यात अर्धी झाल्यावर जो पहिला पंप दिसेल तिथे थांबा. "पुढच्याला बघू" हे वाक्य इथे महागात पडतं.

मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे त्या मानाने लहान, ९४.५ किलोमीटरचा, त्यामुळे लोक पाव टाकीवर चढतात. पण खंडाळ्याच्या घाटात ट्रक आडवा झाला की तीन-चार तास गाडी जागची हलत नाही. शनिवारी सकाळी, सलग सुट्ट्यांना, गणपतीला मुंबई-गोवा हायवेवर माणगावच्या आसपास, हेच. या दिवसांत किलोमीटर मोजू नका, तास मोजा.

आणि काही वेळा पंपच कोरडे पडतात. १ आणि २ जानेवारी २०२४ ला ट्रकचालकांनी हिट-अँड-रनच्या नव्या तरतुदीविरुद्ध चाकं थांबवली तेव्हा राज्यात ठिकठिकाणी पंपांवर मध्यरात्रीपर्यंत रांगा होत्या. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पुणे-बेंगळुरू महामार्ग कोल्हापूरजवळ शिरोलीला पाण्याखाली गेला, दिवसचे दिवस टँकर पोचले नाहीत, आणि शहरात पेट्रोल मिळेनासं झालं. अशा वेळी घरात आजारी माणूस असेल, बाळंतीण असेल, तर पाव टाकी आणि लाल दिवा यांतला फरक किती मोठा असतो ते त्या घरालाच विचारावं. पावसाळ्याचे चार महिने तरी मी टाकी अर्ध्याखाली जाऊ देत नाही.

"जास्त पेट्रोल म्हणजे जास्त वजन, सरासरी कमी होते" असं कोणी सांगितलं तर हिशेब करा: १५ लिटर पेट्रोलचं वजन साधारण ११ किलो. एका शाळकरी मुलाच्या वजनाच्या निम्म्याहून कमी. "सकाळी थंड असताना भरलं की जास्त मिळतं" हेही फारसं खरं नाही, कारण पंपाच्या टाक्या जमिनीखाली असतात आणि तिथलं तापमान दिवसभरात फार बदलत नाही. भाव उतरेल म्हणून थांबण्यातही अर्थ नाही. दहा-वीस पैशांच्या फरकाने ३० लिटरमागे तीन ते सहा रुपये वाचतील.

रिझर्व्हवर चालवण्याने बिघडतं काय

"तळाचा गाळ इंजिनमध्ये जातो" हे कारण सर्वांत जास्त ऐकू येतं आणि तेच सर्वांत लंगडं आहे. पंप टाकी फुल्ल असतानाही तळातूनच ओढतो. गाळ असेल तर तो रोजच जाळीवर येतोय. जुन्या, गंजलेल्या पत्र्याच्या टाकीत शेवटचं इंधन हिंदकळलं की थोडी घाण जास्त येते, एवढं खरं.

खरं कारण पंपाचं आहे. फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत विजेवर चालणारा पंप टाकीच्या आतच बसवलेला असतो. आजूबाजूचं आणि आतून वाहणारं पेट्रोलच त्याला थंड ठेवतं, त्याचं वंगणही तेच. पातळी कमी असली, वळणावर, उताराला पंपाने हवा ओढली की तो तापतो, झिजतो. पंपाभोवती छोटी वाटी ठेवून कंपन्यांनी यावर उपाय केलेला असतो, त्यामुळे कधीतरी दिवा लागल्यावर वीस किलोमीटर गेलात तर काही होत नाही. पण दर आठवड्याला दिवा लागल्यावरच पंपावर जाणाऱ्या, शंभर-दोनशेचंच टाकणाऱ्या गाडीचा पंप लवकर जातो. आणि तो बदलायचा खर्च हजारांत असतो.

दुसरं नुकसान सायलेन्सरच्या बाजूला. इंधन तुटक तुटक मिळालं की इंजिन मिस मारतं, न जळलेलं पेट्रोल पुढे धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो तापून खराब होऊ शकतो. तो भाग पंपाहूनही महाग.

दिवा लागलाय आणि पंप लांब आहे

पहिलं काम, ट्रिप मीटर शून्य करा किंवा किलोमीटर बघून ठेवा. आता तुम्हाला मघाचा हिशेब उपयोगी पडेल.

मोबाईलवर जवळचा पंप शोधा, पण शेजारी बसलेल्याला शोधू द्या. फोनची सोय नसेल तर रस्त्यावरच्या चहाच्या टपरीवर विचारा. "चालू आहे का, पेट्रोल आहे का" असं विचारा. कधी कधी मागे फिरून आठ किलोमीटरवरचा माहितीतला पंप गाठणं हे पुढच्या पंचवीस किलोमीटरवरच्या अंदाजापेक्षा शहाणपणाचं असतं. मागे फिरायला कमीपणा वाटू देऊ नका.

वेग ५० ते ७० च्या मध्ये, शक्य तितक्या वरच्या गिअरमध्ये, अ‍ॅक्सिलरेटरवर हलका पाय. एसी बंद. पुढचा सिग्नल, गतिरोधक लांबूनच हेरून पाय आधीच काढायचा, म्हणजे ब्रेक मारून पुन्हा वेग घ्यायला लागत नाही.

आणि हे नीट वाचा: उताराला गाडी न्यूट्रल करू नका. कार्ब्युरेटरच्या जमान्यात लोक पेट्रोल वाचवायला करायचे. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअर घालून, अ‍ॅक्सिलरेटर सोडून उतरलात तर संगणक पेट्रोल फवारणारे इंजेक्टर बंदच करतो, पेट्रोल लागत नाही. न्यूट्रल केलंत तर इंजिन चालू ठेवण्यापुरतं पेट्रोल उलट खर्च होतं आणि इंजिन गिअरमधून गाडीला धरून ठेवतं तो इंजिनचा ब्रेकही जातो. म्हणजे दोन्हीकडून तोटा, आणि घाटात जिवाला धोका.

झटके बसायला लागले तर माझी चूक करू नका. इंजिन थांबत असताना गाडी उताराला असेल तर क्लच दाबू नका. गिअर तसाच राहिला तर चाकं इंजिनला फिरवत राहतात, ब्रेकचं पेडल हलकं ठेवणारी निर्वात शक्ती (व्हॅक्यूम) टिकते आणि इंजिनचा ब्रेकही मिळतो. किल्ली बंद तर अजिबात करू नका, ती काढली गेली तर स्टिअरिंगच लॉक होऊ शकतं. ब्रेक हळूहळू, पण एकदाच दाबून धरा. वारंवार सोडून दाबलात तर साठलेली शक्ती दोन-तीन दाबांत संपते. इंडिकेटर द्या, डाव्या कडेला घ्या, आणि गाडी अगदी थांबताना क्लच दाबा. ऑटोमॅटिक गाडीत गिअर डीमध्येच ठेवून हेच करा.

बंद पडलीच तर

कडेला जितकी आत घेता येईल तितकी घ्या. हॅझर्डचे चारही दिवे लावा. परावर्तक त्रिकोण गाडीच्या मागे किमान पन्नास पावलांवर, वळण असेल तर वळणाच्या अलीकडे ठेवा. हायवेवर, विशेषतः एक्स्प्रेसवेवर, माणसांना गाडीत बसवून ठेवू नका. रस्त्याच्या कडेच्या लोखंडी कठड्यापलीकडे उभं करा, मुलं, म्हातारी माणसंसुद्धा, पाऊस असला तरी. मागून येणारा ट्रक उभ्या गाडीवर आदळतो तेव्हा आतल्यांना काही करता येत नाही.

राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ ला फोन करा. हा चोवीस तास चालणारा मदत क्रमांक आहे. आणीबाणीत कुठेही ११२. समृद्धी आणि मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर मदतीचे क्रमांक रस्त्याकडेच्या पाट्यांवर असतात. फोन करताना जवळच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा आणि कोणत्या दिशेला जाताय हे सांगा. विमा कंपनीच्या रोडसाइड असिस्टन्समध्येही बऱ्याचदा पेट्रोल पोचवण्याची सोय असते. पॉलिसी आजच उघडून बघा, त्या रात्री बघायला रेंज नसते.

पेट्रोल कशात आणायचं? पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत नाही. पंपावर देत नाहीत, आणि दिलं तरी घेऊ नका. झाकण घट्ट बसणारा धातूचा डबा हवा. आणि तो डबा भरून कायम डिकीत ठेवायचा नाही. उन्हात तापलेल्या डिकीत पेट्रोलची वाफ साठते आणि एक ठिणगी पुरते.

कारमध्ये निदान पाच लिटर ओता. एक-दोन लिटर ओतून सेल्फ मारत बसलात आणि गाडी उताराला कललेली असेल तर तेही पंपाला मिळणार नाही. ओतल्यावर लगेच सेल्फ मारू नका. किल्ली फिरवून नुसती ऑन करा, टाकीच्या बाजूने दोन-तीन सेकंद "झुंऽऽ" असा बारीक आवाज येईल, तो पंप लाइनमध्ये पेट्रोल भरतोय. बंद करा, पुन्हा ऑन करा. असं चार वेळा. मग सेल्फ, एका वेळी दहा सेकंदांच्या आत, मध्ये अर्धा मिनिट विश्रांती. नाहीतर बॅटरी उतरेल आणि एका दुखण्याची दोन होतील.

डिझेल, सीएनजी, दुचाकी

डिझेल गाडी कोरडी पडणं हे पेट्रोलपेक्षा जास्त गंभीर. लाइनमध्ये हवा शिरते आणि नुसतं डिझेल ओतून गाडी सुरू होईलच असं नाही. हवा काढावी लागते. बऱ्याच गाड्यांत फिल्टरजवळ हाताने दाबायचा रबरी किंवा प्लॅस्टिकचा प्रायमर असतो. तो कडक लागेपर्यंत दाबायचा, मग सेल्फ. जुन्या ट्रॅक्टर, जीपमध्ये फिल्टरवरचा एअर स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत पंप मारतात, हे गावाकडे कुणीही करून दाखवेल. आजच्या कॉमन रेल गाडीत, म्हणजे जिथे डिझेल फार मोठ्या दाबाने इंजेक्टरला पोचतं तिथे, मात्र स्वतः पाने लावू नका. तिथला हाय-प्रेशर पंप डिझेलच्याच वंगणावर चालतो, कोरडा फिरला तर आत धातूचा कीस पडतो आणि तो इंजेक्टरपर्यंत जातो. डिझेल गाडीला म्हणूनच मी पाव नव्हे, एक तृतीयांश ही मर्यादा सांगतो.

सीएनजीवाल्यांचा घोळ वेगळा. गॅस स्वस्त म्हणून पेट्रोलची टाकी महिनोन्‌महिने तळाला. पण बहुतेक गाड्या सुरू पेट्रोलवरच होतात आणि मग गॅसवर जातात. गॅसची रांग दोन तासांची निघाली किंवा प्रेशर नसलं की घरी नेणारं पेट्रोलच असतं. पेट्रोल पाव टाकीच्या खाली जाऊ देऊ नका आणि आठवड्यातून दहा-पंधरा किलोमीटर पेट्रोलवर चालवा, म्हणजे ते शिळंही होत नाही. मराठवाड्यात, तळकोकणात जाताना गॅसच्या पंपावर हिशेब बांधूच नका.

दुचाकीला पूर्वी पेट्रोलचा कॉक असायचा. गाडी गचके खायला लागली की चालता चालता डाव्या हाताने तो रिझर्व्हला फिरवायचा, की पुढच्या तीस-चाळीस किलोमीटरची निश्चिंती. एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे बीएस-६ नियम आले, बहुतेक गाड्या इंजेक्शनच्या झाल्या आणि त्यांचा कॉक गेला. आता फक्त दिवा किंवा चमकणारी पट्टी. कॉकच्या सवयीची पिढी अजूनही मनातल्या मनात रिझर्व्ह धरून चालवते, त्यांनी हे ध्यानात घ्यावं. जुनी स्कूटर आडवी करून कार्ब्युरेटरला उरलंसुरलं पेट्रोल मिळवायची युक्तीही इंजेक्शनच्या गाडीला लागू पडेल असं नाही. बंद पडलेल्या गाडीला दुसऱ्याने चालत्या गाडीवरून पाय लावून ढकलायचं, हे पुण्यात रोज दिसतं. कृपा करून करू नका. एक खड्डा पुरतो दोघांना आडवं करायला. उतरून ढकला किंवा गाडी लावून डबा घेऊन जा.

पंपावर

मीटर शून्यावर आहे हे बघा आणि "टक्" झाल्यावर "राउंड फिगर करतो" म्हणत जास्त भरू देऊ नका. टाकीत वाफेसाठी जागा मोकळी लागते. काठोकाठ भरलं तर पेट्रोल वाफ शोषणाऱ्या डब्यात शिरून तो खराब होतो. मापाची शंका आली तर पाच लिटरच्या मापाने तपासून मागण्याचा तुम्हाला हक्क आहे, ते माप प्रत्येक पंपावर ठेवावंच लागतं. हवा, प्यायचं पाणी आणि स्वच्छतागृह मोफत, तेही हक्काचं. झाकण कोणत्या बाजूला आहे ते अनोळखी गाडीत आठवत नसेल तर बहुतेक गाड्यांत काट्याशेजारच्या पंपाच्या चित्राजवळ छोटा बाण असतो, तो ज्या बाजूला त्या बाजूला झाकण.

आमच्या घरी गाडी आता बायकोही चालवते, भाऊही नेतो. प्रत्येकाला हिशेब तोंडी सांगत बसण्यापेक्षा मी टाकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला एक स्टिकर लावलाय. पेट्रोल भरताना तो दिसतोच. त्यावर लिहिलंय: टाकी ३७. दिव्यानंतर सपाटीला ६०, घाटात ४०. घाटाआधी फुल्ल. १०३३.